शेवटचा वाटा

घाटंजीकडे निघालेल्या माणसाला आमच्या गावचा नाला आधी दिसत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांमधून चालत यावं, काळी माती चपलेला चिकटत राहावी आणि एकदम पायाखालची जमीन संपावी, तसा तो समोर येतो. पडदा वर गेल्यासारखा. पलीकडच्या उंच काठावर बंजाऱ्यांचा तांडा, अलीकडे आमचं गाव, आणि मधे खाली, सावलीत, पाणी.

त्याचा उगम वर सागाच्या टेकडीत, कोलाम आदिवासींच्या पोडामागे, म्हणजे त्यांच्या वस्तीमागे आहे. तिथे त्याला नाला म्हणायचं धाडस होत नाही. नुसते ओले दगड आहेत. ते ओले दगड उतरत उतरत एका कातळाशी येतात आणि तिथे पाणी साठतं, तो वरचा डोह. त्यातलं पाणी एका चिंचोळ्या घळीतून खालच्या मोठ्या डोहात पडतं. या मोठ्या डोहाच्या दोन्ही काठांना गेळ्याची ठेंगणी, काटेरी झाडं आहेत, म्हणून तो गेळ्याचा डोह. त्याच्या खाली रेती, रेतीच्या खाली रपटा, म्हणजे पुराचं पाणी डोक्यावरून जाऊ देणारा सिमेंटचा बुटका पूल. रपट्याच्या पुढे नाला पसरट होतो, वावरांच्या कडेकडेने जातो आणि वाघाडी नदीला मिळतो. एवढासाच त्याचा प्रवास.

मी दंडारीतला माणूस. दंडार म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या गावांचा खेळ. नाच, गाणं, सोंगं, सगळं त्यात. बायांची सोंगं पुरुषच घ्यायचे, आणि खेळात राणी असली की ती डोमाजीची, म्हणजे माझी. गॅसबत्तीच्या उजेडात, अंगाला टोचणाऱ्या जरीच्या पातळात मी पुष्कळ गावं नाचलो. पण आमच्या भागातली सगळ्यात देखणी रंगभूमी कोणती असं कोणी विचारलं, तर मी गेळ्याच्या डोहाखालची रेती सांगेन. तिथे वर्षातून एकदाच खेळ व्हायचा आणि त्यात एकच पात्र बसलेलं असायचं. प्रभावती.

फाल्गुन सरता सरता, डोहाचं पाणी उतरलं की, सगळे मिळून मासे काढायचे. पोडावरची कोलाम मंडळी गेळ्याची वाळलेली फळं कुटून आणायची आणि पाण्यात कालवायची. थोड्या वेळानं मासोळ्या गुंगून वर यायच्या, तोंड उघडझाप करत. गेळ माशाला मारत नाही, झिंगवतो. बारकी पिल्लं टोपलीत घालून रपट्याखालच्या स्वच्छ पाण्यात सोडली की ती शेपटी हलवून निघून जायची. मोठ्या तेवढ्या ठेवायच्या आणि त्यांचे घराघरांचे वाटे लावायचे. गाव, तांडा, पोड, सगळ्यांचे. ज्या घरात बाई पोटुशी असेल त्या घराला दोन वाटे, कारण आतला जीवही नाल्याचाच.

हे वाटे प्रभावती लावायची. पळसाची पानं रेतीवर ओळीनं मांडायची, त्यांवर मासोळ्या, झिंगे, एखाद्या मरळीचा तुकडा. मोठं-लहान पाहून पुन्हा इकडचं तिकडे. सगळं मनाजोगं झालं की ती मला पाठ फिरवून उभं करायची. माझा आवाज दोन्ही काठांना पोचतो म्हणून ते काम माझं. ती एकेका पानाशी हात नेऊन विचारायची, "हा कोनाचा?" मी न पाहता एक घर पुकारायचो. अशानं कोणाला किती गेलं यावर बोलायला जागा राहत नसे. आणि सगळ्यांचं नेऊन झालं की जे पान उरेल ते वाटे लावणारीचं. शेवटचा वाटा प्रभावतीचा.

हे काम तिच्याकडे कसं आलं तेही सांगतो. ती कळंबकडची, माझ्या मित्राची, भीमराजची बायको. भीमराज आमच्या दंडारीत ढोलकी वाजवायचा. नवी नवरी म्हणून ती आली त्याच वर्षी एका मरळीवरून गावाची आणि तांड्याची रेतीवरच जुंपली. बाह्या वर गेल्या. ही पोरगी उठली, दोन्ही हातांनी सगळे वाटे एकत्र ओढले आणि खाली बसून पुन्हा पहिल्यापासून मांडू लागली. सासरे ओरडले, नवरा लाजला, हिनं मान वर केली नाही. मांडून झाल्यावर फक्त म्हणाली, "शेवटचा माहा." तांड्याचा नाईक खेमसिंग तेव्हा तरुण होता. तो हसायला लागला आणि भांडण तिथेच बसलं. पुढच्या वर्षी त्यानंच तिला बोलावणं धाडलं.

भीमराज फार जगला नाही. एका पावसाळ्यात त्याला ताप चढला, आम्ही त्याला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं, पण रपटा तेव्हा नव्हता आणि नाला उतरलाच नाही. पलीकडे घाटंजीच्या दवाखान्याची वाट दिसत होती आणि मधे तांबडं पाणी. प्रभावती खाटेच्या पायाशी बसून पाण्याकडे पाहत होती. मला वाटलं, ही आता नाल्याचं तोंड पाहणार नाही. फाल्गुनात ती कडेवर लेकरू घेऊन रेतीवर हजर होती. ते लेकरू संघदीप.

आता त्या वर्षांबद्दल. कापसाची वाईट वर्षं म्हणून ती सगळ्यांनाच माहीत आहेत. गावात पाहुण्यांची गाडी आली तर ती कोणाच्या दारात थांबली, कोणी जीव दिला, हे विचारताना माणसं आवाज खाली करायची, तेवढं सांगितलं तरी पुरे. पऱ्हाटीवर अळी पडायची, मग फवारा मारायचा, मग दुसरं औषध, मग दोन्ही मिसळून. विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. फवाऱ्याला पाणी लागतं आणि पाणी नाल्यात. म्हणून गाव आणि तांड्यानं मिळून एक गोष्ट ठरवली होती: पंप भरायचा आणि धुवायचा तो रपट्याच्या खाली. वरच्या अंगाला पंप न्यायचाच नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलं कोणी नव्हतं.

संघदीप तेव्हा मिसरूड फुटलेला जवान पोरगा. बापाचा ताल त्याच्या बोटांत होता. रिकाम्या डब्यावर बोटं टाकायचा तरी माझे पाय हलायचे. दंडार बंद पडली होती, ढोलकी खुंटीला होती आणि तो लोकांच्या वावरात मजुरीनं फवारा मारायला जायचा. उघड्या अंगानं, तोंडाला एक फडकं बांधून. सगळेच तसे जायचे.

भादव्याचे दिवस होते. पावसानं ओढ दिलेली, आभाळ नुसतंच भरून उभं. दुपारी धुणं धुवायला गेलेल्या बाया ओरडत वर आल्या की गेळ्याच्या डोहात मासोळ्या वर आल्या आहेत, पांढऱ्या-पांढऱ्या, डोहभर. पाहता पाहता दोन्ही काठ भरले. टोपल्या आल्या, घमेली आली. त्या वर्षी कोणाच्या घरात सणासारखं काही शिजलं नव्हतं. माणसं डोहाकडे अशी पाहत होती की जणू कोणी आमंत्रण धाडलं.

प्रभावती निंदण सोडून आली. काठावर उभी राहून म्हणाली, "भादव्यात गेळ कोन टाकते?"

"पोडावरच्यायनं टाकला असन," खेमसिंग पलीकडून म्हणाला. "पाऊस नाई पडून राह्यला. डोह आटन म्हून घाई केली असन त्यायनं."

"मंग एक बी कोलाम कसा नाई आला?"

"येतीन मांगून. त्यायचा वाटा ठेव. तू बस खाली."

खेमसिंगची बायको मानीबाई कंबरेपर्यंत पाण्यात होती. तोंडानं ती जन्माची तिखट. "बस व राणी," ती प्रभावतीला म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून, "तुले नाई म्हनलं, डोमाजी. तू आता म्हातारी राणी." लोक हसले. बऱ्याच दिवसांनी रेतीवर हसू ऐकू येत होतं. प्रभावतीही हसली आणि बसली.

ही चूक आमच्याच मुलखातल्या माणसांकडून व्हावी. दुसरीकडचा कोणी पाण्यावर मेलेले मासे पाहून मागे सरला असता. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वर आलेली मासोळी पाहिली होती आणि ती खाल्ली होती. आम्हाला ती गेळ्याचीच वाटली.

आभाळ काळं होत होतं, म्हणून सगळं घाईत झालं. तिनं पिल्लं निवडून टोपलीत घातली, बायांनी ती रपट्याखाली नेऊन सोडली आणि मागे न पाहता परत आल्या. एक-दोन खेकडे रेतीवर येऊन उताणे पडले होते, ते कोणीतरी पायानं बाजूला केले. पळसाची पानं मांडली गेली. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

"हा कोनाचा?"

"खेमसिंग नाईक."

"अन् हा?"

"तो बी त्यायचाच." त्यांची सून वर्षा पोटुशी होती. संजयची बायको, पहिलटकरीण. मानीबाईनं दोन्ही पानं पदरात घेतली आणि कोणाशी न बोलता चढावाला लागली, इतकी तिला चुलीची घाई होती. मी एकेक घर पुकारत गेलो. पोडाचे वाटे बाजूला झाकून ठेवले. शेवटचं पान उरलं, त्यावर चार झिंगे आणि एक चपटी मासोळी. प्रभावतीनं ते उचललं आणि आम्ही दोघं घराकडे निघालो. आमचे ओटे एकमेकांना लागून आहेत.

तिच्या ओट्यावर संघदीप पडला होता. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी. तिनं त्याला हात लावला आणि तो हात तसाच वर धरला. ओला झाला होता घामानं. पोराच्या तोंडातून लाळ येत होती. डोळ्यांतून पाणी. बाहुल्या बारीक, मोहरीएवढ्या.

"काय झालं बे तुले?"

"काई नाई, माय. चक्कर आली."

"पंप कुठी हाय?"

तिनं पुन्हा विचारलं, हळू आवाजात, आणि तो आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

"वरच्या डोहात," तो म्हणाला. "पंप गळून राह्यला होता. पाठीची आग आग झाली, माय. अंधारी येऊन राह्यली होती. थेच पानी जवळ होतं. म्हनलं, पाठ धुवून घेतो. बसाले गेलो अन् पंपासकट पडलो पान्यात. झाकन निघालं. औषधाची बाटली खिशात होती, थे बी फुटली."

"सांगतलं काहून नाई?"

"उठताच नाई आलं. मंग कसातरी घरी आलो. म्हनलं, तू रागावशीन." मग त्याचं लक्ष तिच्या हातातल्या पानाकडे गेलं. "हे कुठलं?"

प्रभावतीनं पान खाली ठेवलं. वर टोपली पालथी घातली, टोपलीवर पाटा. मग माझ्याकडे वळली. दंडारीत राणीला नवऱ्याच्या मरणाची बातमी कळते तो प्रवेश मी कितीदा केला असेल. छाती पिटायची, केस मोकळे सोडायचे. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. म्हणाली, "भाऊजी, याचे पाय धरा."

कडुनिंबाखाली फुलचंदची जीप उभी होती. घाटंजीला माणसं ने-आण करायचा तो. आम्ही संघदीपला मागच्या बाकावर आडवं केलं. फुलचंदनं पोराचा चेहरा पाहिला आणि गाडी सुरू केली. "बस वयनी, लवकर."

"तू घेऊन जा. मी येईन मांगून."

"मांगून? हा पोट्टा रस्त्यात गेला तं मी काय करू?"

"त्याले कुशीवर ठेव. डाक्टरले सांग, फवाऱ्याचं औषध अंगावर पडलं म्हून." तिनं जीपचं दार लावलं. "मले तांड्यात जाचं हाय. मासोळ्यायत बी थेच औषध हाय, अन् मानीबाईची चूल पेटली असन."

"वयनी, हा तुहा एकुलता पोट्टा हाय. थे मासोळ्या कोनाच्या बी असो."

"त्या म्या वाटल्या," ती म्हणाली.

जीप गेली. आत संघदीप "माय" म्हणाला की नाही, मला नीट ऐकू आलं नाही. ती वळलेली होती.

मी पारावर चढलो आणि आयुष्यात कधी लावला नसेल असा आवाज लावला. कोणीच मासोळी खाऊ नका, पाण्यात औषध आहे, चुली विझवा. गावातल्या बहुतेक घरांत अजून साफसफाईच चालली होती. बाया हातात विळे घेऊन दारात आल्या. मी एका जाणत्या माणसाला गल्लीबोळ फिरायला सांगितलं, दुसऱ्याला पोडावर धाडलं आणि प्रभावतीच्या मागे धावलो.

ती रपट्यावर थांबली होती. खालच्या पाण्याकडे पाहत होती. तिथे, काठाच्या गवताला लागून, मघाशी सोडलेली सगळी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. एकही निघून गेलं नव्हतं.

"भाऊजी, हे नाई उठले," ती म्हणाली आणि पदर खोचून तांड्याच्या चढावाला लागली. तो चढ उभा आहे, पावसाळ्यात शेवाळाचा. दोनदा घसरली. मी खालून नुसता पाहत होतो, माझा दम केव्हाच गेला होता; मग तिच्या मागून कसाबसा वर चढलो.

नाईकाच्या अंगणात मसाल्याचा वास सुटला होता. चुलीवर पातेलं रटरटत होतं. वर्षा भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात ताट, ताटात भाकरी. मानीबाई पातेल्यात पळी घालत होती. प्रभावती अंगणात शिरली ती सरळ चुलीशी गेली.

"मानीबाई, हे वाढू नको."

मानीबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चिखलानं भरलेली, धापा टाकणारी बाई. मग तिच्या ओठांचा कोपरा वर गेला. "काय व, शेवटचा वाटा कमी पडला काय यंदा? परत न्याले आली?"

"पान्यात औषध हाय."

"गेळ हाय थो. दरसाल खातो आमी." अंगणात जमलेल्या बायांकडे पाहून ती म्हणाली, "दोन वाटे आले ना आपल्याकडं, थे टोचून राह्यले कोनाले तरी."

"मानीबाई, आई शप्पत, औषध हाय."

"कोनं टाकलं? वरच्या अंगाले पंप नेत नाई कोनी. आपनच तं ठरवलं होतं. का कोनी रातीतून येऊन टाकून गेलं?" तिनं पळी भरली. "हे पोरगी सकाळपासून उपाशी हाय. सर बाजूले."

वर्षानं ताट पुढे सरकवलं. एवढंच झालं, आणि मी अंगणाच्या तोंडाशी उभा राहून पाहिलं की प्रभावतीच्या तोंडातून शब्द येत नाही. काय तोललं तिनं त्या वेळात, ते मला कळत होतं. नाव घेतलं की ते या अंगणात राहणार नाही. तांड्यातून गावात, गावातून घाटंजीच्या बाजारात जाईल. त्या पोराला पुन्हा कोणी वावरात उभं करणार नाही. आणि नाव घेतलं नाही, तर तिचं कोणी ऐकणार नाही.

"माह्या पोरानं," ती म्हणाली. "संघदीपनं. वरच्या डोहात पडला, पंपासकट. थो घरी तोंडातून फेस काढून राह्यला होता. त्याले फुलचंदच्या गाडीत टाकून आली मी."

मानीबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "एकटाच धाडला?"

"हो."

"अन् तू इकडं आली?"

मानीबाईनं पळी पातेल्यात सोडली, पदरानं पातेल्याचे कान धरले आणि ते उचलून परसात नेलं. मागून तिचा आवाज आला, "संजय, फावडं आन. खड्डा कर, खोल कर. कुत्र्यायनं उकरलं नाई पाह्यजे." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "तुहा बाप कुठी हाय?"

खेमसिंग मागच्या पडवीत होता. हौशी माणूस, वाट पाहायची सवय नव्हती. वाटा आल्या आल्या त्यानं दोन मासोळ्या निखाऱ्यावर भाजून खाल्ल्या होत्या. तो म्हणत होता की मला काही झालं नाही, आणि म्हणता म्हणता त्याला उलटी झाली. त्याला ट्रॅक्टरवर घातलं. प्रभावती त्याच ट्रॉलीत चढली. कोणी तिला बस म्हटलं नाही, उतर म्हणण्याचं धैर्यही झालं नाही. नाईकाचं डोकं मानीबाईच्या मांडीवर, प्रभावती त्याच्या पायाशी, अशा त्या घाटंजीला गेल्या.

दोघंही जगले. सरकारी दवाखान्यात त्यांच्या खाटा शेजारी-शेजारी आल्या. खेमसिंगला बोलता येऊ लागलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा संघदीपकडे पाहून म्हटलं, "लेका, मसाला तं लावू द्याचा होता." पोरगा रडायला लागला. पण खेमसिंग होता तसा उठला, संघदीप उठला नाही. त्याच्या हातांना कंप आला तो गेला नाही. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. घरी आल्यावर एका दुपारी त्यानं खुंटीवरची ढोलकी उतरवली. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो. दोन-तीन थापा पडल्या, वेड्यावाकड्या, आणि मग ढोलकी परत खुंटीला लागल्याचा आवाज.

पुढचे महिने वाईट गेले. उरलेला पाऊस पडला, नाला भरून वाहिला, डोह धुतला गेला. माणसांच्या मनातलं मात्र धुतलं गेलं नाही. तांड्यानं गुरं डोहावर न्यायचं बंद केलं. गावातले काही म्हणाले की तिला आधीच माहीत होतं. काही म्हणाले, नाईकाच्या सुनेसाठी धावली, आमच्यासाठी का नाही धावली. वेचणीला बायांचा घोळका निघायचा तो तिच्या दारावरून पुढे जायचा. ती आपली एकटी, दुसऱ्या टोकाच्या वावरात. ज्या शेतमालकाचा पंप होता त्याला पंप गळका का होता, असं मात्र कोणी विचारलं नाही. संघदीपला तिनं फुलसावंगीला बहिणीकडे धाडून दिलं. मी म्हटलं, "वयनी, एवढ्या लांब?" ती म्हणाली, "इथं त्याच्या हाताकडं पाह्यतात लोक." नाल्यावर ती जात नसे. पाणी भरायला लांबच्या हापशीवर जायची, आणि रपटा ओलांडावा लागला तर मान सरळ ठेवून.

फाल्गुन आला. गेळ्याला फळं धरून वाळली. डोहाचं पाणी उतरलं, वरून मासोळ्यांच्या सावल्या दिसू लागल्या. आल्या होत्या कुठून तरी, वरच्या ओल्या दगडांतून म्हणा, पुरातून म्हणा. पोडावरून निरोप आला, यंदा काय करायचं? निरोप आणणारा तसाच परत गेला.

एका सकाळी मानीबाई गावात आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. कडेवर नातू, टपोऱ्या डोळ्यांचा, हातात चांदीची वाळी. प्रभावतीच्या ओट्यावर न विचारता बसली. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो.

"डोह काढाचा का नाई?" ती म्हणाली.

"काढा ना. मी कोन अडवनारी?"

"वाटे कोन लावन?"

"लावन कोनी बी."

"म्हने कोनी बी." मानीबाईनं नातवाला प्रभावतीच्या मांडीवर ठेवलं, ती नको म्हणायच्या आत. "लोक भेतात. तांड्यात विचारलं म्या. काढू म्हनतात, पन खाईन कोन, हे कोनीच सांगत नाई. पोट्ट्यायले कसं देवा, म्हनतात."

प्रभावती बराच वेळ त्या लेकराच्या पायाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "येईन मी. पन पह्यला वाटा माहा."

मानीबाईला कळायला क्षण लागला. मला तर लागलाच.

डोह काढायचा दिवस ठरला. फुलसावंगीहून संघदीप आला. तिनं बोलावलं नव्हतं, मी निरोप धाडला होता. गेळ कालवला, मासोळ्या वर आल्या, पिल्लं रपट्याखाली सोडली. या वेळी दोन-चार माणसं तिथे थांबून राहिली आणि ती निघून गेल्यावरच वर आली. दोन्ही काठांवर माणसं बसली होती, लग्नाला आल्यासारखी धुतलेल्या कपड्यांत. प्रभावतीनं रेतीवर तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि ढिगातून हाताला येतील तशा मासोळ्या उचलल्या. निवडल्या नाहीत. भाजल्या, मीठ लावलं, पळसाच्या पानावर घेतल्या आणि सगळ्यांच्या देखत खाल्ल्या. सावकाश, काटे काढून. झिंगे, मरळीचा तुकडा, सगळ्यातलं थोडं.

मग पान मिटून ती नुसती बसून राहिली आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाहत बसलो. गेळ्याची सावली एका दगडावरून दुसऱ्यावर गेली. बायांच्या मांडीवर पोरं झोपली. संघदीप माझ्या शेजारी होता. त्याचे हात त्यानं काखेत दाबून धरले होते. ती एकदा खोकली आणि दोन्ही काठांवरची माणसं उठून उभी राहिली.

"काटा हाय," ती म्हणाली. "बसा."

माणसं बसली. आणखी वेळ गेला. शेवटी मानीबाई म्हणाली, "बाई व, मराचं असन तं मर लवकर, नाई तं उठ. आमाले भूक लागली."

आधी कोणी हसलं नाही. मग खेमसिंग हसला, आणि मग प्रभावती. ती उठली, पदर खोचला आणि पळसाची पानं मांडायला लागली. मी पाठ फिरवून उभा राहिलो. माझ्या पाठीमागे तिचा हात एका पानाशी थांबला असेल.

"हा कोनाचा?"

मी पुकारत गेलो. गाव, तांडा, पोड. माणसं येऊन आपापलं पान उचलत होती, काही अजून वास घेऊन पाहत होती. सगळी घरं संपली आणि एक पान उरलं. मी वळलो. प्रभावतीचा वाटा तिनं आधीच खाल्ला होता.

"अन् हा?" मी विचारलं.

ती पानाकडे पाहत म्हणाली, "वाटे लावनारीच्या घरी आता दोघं हायेत. थो शेवटचा हाय. त्याचा."

संघदीप उठला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातांवर होत्या, आणि ते त्याला माहीत होतं. त्यानं वाकून पान उचललं. पान थरथरलं, एक मासोळी रेतीत पडली. कोणी पुढे झालं नाही. त्यानं ती उचलली, रेतीनं माखलेली. डोह समोरच होता, दोन पावलांवर. तो वळला, उतारानं चालत रपट्यापर्यंत गेला, रपटा ओलांडून खाली उतरला आणि तिथल्या पाण्यात त्यानं ती मासोळी धुतली.